टाकलं की सोडलं: शेवगाव ते समुद्र आणि परत

समुद्राबद्दल आमच्या शेवगावकडे दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक असतात: तो खारट आहे आणि तो आपल्या तालुक्यात नाही. पाण्याची हौस आम्ही विहिरीत डोकावून भागवतो. पाणी दिसलं तर आनंद, नाही दिसलं तर निदान विहीर किती खोल आहे ते कळतं. अशा गावचा माणूस मासे धरणाऱ्या आगबोटीवर तीन दिवस काढून आला, याचं श्रेय कुणी माझ्या धाडसाला देऊ नये. मोटारीत बसण्यापूर्वी मी तिकीट चार वेळा तपासतो, आणि पाचव्यांदा त्यावरचं शुद्धलेखन. नगरच्या एका छापखान्यात मी जुळारी आहे, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून ओळी लावतो. शिक्षण मराठी पाचवीपर्यंत. पण ओळीत एक वेलांटी चुकली तर मला घास गिळत नाही.

मी गेलो तो गजराअक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला आमच्या गावच्या फाट्यावर मोटारीतून उतरवलं, "आलोच" म्हणाले आणि मुंबईला निघून गेले. ते "आलोच" अजून चालू आहे. अशा बाईला आमच्याकडे "टाकलेली" म्हणतात. नवऱ्याने सोडली असेल तर पंचांसमोर सोडचिठ्ठी होते आणि बाई मोकळी होते. टाकलेली बाई मोकळी होत नाही. नवरा तिला नांदवत नाही, पण ती असते त्याचीच.

यंदा नगरच्या एका दवाखान्यात सुइणींचा वर्ग निघाला. अक्काने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. वर्गाच्या बाईंनी अर्ज वाचला, अक्षराची स्तुती केली आणि सांगितलं, "नवऱ्याची संमती हवी, नाहीतर सोडचिठ्ठी हवी. दसऱ्याच्या आत." झालं. वडिलांचं म्हणणं, दाजींना समजावून अक्काला नांदवायला लावावं. पंचांचं म्हणणं, "नांदवतो का सोडतो, एकच काय ते लेखी आन. तोंडी चालनार न्हाई." अक्काचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. ती शेंगदाण्याचे लाडू वळत होती, जावयाच्या मानाचे. मी निघताना डबा हातात देत म्हणाली, "समजवायला जाऊ नको त्येला. समजला तर घिऊन जाईल मला. कागद आन. आन् लाडवात गूळ कमी घातलाय, सांगू नको."

पितृपक्षात प्रवास करू नये म्हणतात. म्हणूनच मला शेवगावच्या मोटारीत बसायला जागा मिळाली. या मार्गाने जाणाऱ्यांसाठी सांगतो: मोटार सात वाजता सुटते असं पाटीवर लिहिलेलं आहे, पण ती सुटते माणसं भरल्यावर. पाटीवर "शेवगांव" आहे, त्यातला अनुस्वार जास्तीचा आहे. ड्रायव्हरला मी तो दाखवला. "अनुस्वार उतरीव आन् त्या जागी बस," तो म्हणाला. तिसगावापर्यंत धूळ, करंजीच्या घाटात ओकाऱ्या, वर चहा. घाटात डाव्या बाजूला बसू नये, पुढच्या खिडकीतलं सगळं मागे येतं. नगरला दुपारी पोचलो. तिथून आगगाडीने दौंड. दौंडाला गाडी बदलताना भाकरीचं गाठोडं उजव्या आणि लाडवांचा डबा डाव्या काखेत होता. तिकीट तपासायला तिसरा हात लागतो, तो देवाने दिलेला नाही, म्हणून तिकीट दातांत धरलं. तिकीट तपासनिसाने ते तिथूनच वाचलं.

मुंबईचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी केलं त्यांनी ते भरपूर केलं आहे, आणि मी पाहिली ती ट्रामच्या एका आण्यात जेवढी दिसते तेवढीच. कुलाब्याकडे मासळीच्या धक्क्यावर उतरलो. धक्का कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, नाक नेतं.

दाजी तिथल्या एका मासे धरणाऱ्या आगबोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामावर आहेत. खलाशाची टोपी, गळ्यात रुमाल, आणि बोलण्यात अर्धी मुंबई. मला पाहून त्यांचा चेहरा आधी उतरला आणि डबा पाहून पुन्हा वर आला.

"अरे, एकनाथ! लाडू का?"

"हो दाजी. आणि थोडं बोलायचं होतं."

"बोलू की. पण बोट आत्ता सुटते. परत आल्यावर बोलू, तीन दिवसांनी."

तीन दिवस मुंबईत राहायला माझ्याजवळ ना पैसे होते ना ओळख. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं की बर्फ फोडणारा गडी तापाने पडला आहे. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "ये की मग. बदली म्हणून ये. बर्फ फोड, जेव, बोल." अशा रीतीने मी समुद्रावर गेलो.

समुद्र पाहून लोकांना काव्य सुचतं असं ऐकून होतो. मला पहिल्या तासात करंजीचा घाट आठवला, आणि घाटावर निदान चहा होता. आजारी गड्याचं काम सोपं होतं: पिंपातून बर्फाची लादी काढायची, फोडायची, खालच्या कोठीत टाकायची. ओकारी आल्यावर कुठल्या बाजूला वाकायचं हे मला हिराजी नाखव्याने शिकवलं. हा म्हातारा कोळी. चाळीस वर्षं स्वतःच्या होडीवर गेलेली, आता कंपनीने जाळ्याच्या कामाला पगारावर ठेवलेला. "वाऱ्याकडं तोंड करून ओकू नको रं देशावरच्या पावण्या," तो म्हणाला, "तुजंच तुज्या तोंडावर येल." देशावरच्या माणसाला समुद्रात एवढी एक शिकवण पुरते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं जाळं वर आलं. जाळं म्हणजे मी एक टोपलीएवढी वस्तू समजत होतो. हे जाळं खळ्याएवढं. आगबोट ते समुद्राच्या तळाला लावून तीन तास ओढत नेते, आणि वाटेत जे येईल ते आत. आमच्याकडे कोळपं चालवताना बैलालाही पीक आणि तण वेगळं कळतं. या जाळ्याला काही कळत नाही. यंत्राने ते वर खेचलं, तळाची गाठ सोडली आणि फळीवर, म्हणजे बोटीच्या अंगणातच म्हणा, एक ढीग पडला. त्या ढिगाला मी इतका घाबरलो की मागे सरताना बर्फाच्या पिंपात बसलो.

मग निवड सुरू झाली. घोळ, दाढा, वाम, म्हणजे बाजारात ज्याला भाव आहे ते मासे, बर्फाकडे. बाकीचं, म्हणजे ढिगाचा निम्म्याहून जास्त भाग, कुणाला नको होता. बोटाएवढी पिल्लं, चपटे पाकट, मुशीची पोरं, साप, खेकडे, माकूल, आणि ज्यांची नावं हिराजीला ठाऊक होती पण सांगण्यासारखी नव्हती असले प्राणी. ते उन्हात पडून राहिले. निवड संपल्यावर दोघांनी फावडी घेतली आणि ते सगळं कडेवरून समुद्रात लोटायला लागले. लगेच पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा थवा खाली आला, जणू पंगतीचं बोलावणं होतं.

"अरेरे," माझ्या तोंडून गेलं.

दाजी तेलाचे हात पुसत वर आले होते. "अरेरे कशाला? नको असलेलं आम्ही ठेवत नाही. जिवंत परत सोडतो. जिथलं तिथं. पाप नाय लागत."

"जिवंत?" मी विचारलं.

"हलतात ना? मग जिवंत."

आता माझा स्वभाव. छापखान्यात एखाद्या जाहिरातीत "खात्रीने" असा शब्द आला, तर खात्री कुणाची, हे विचारल्याशिवाय मी तो जुळवत नाही. मालक त्यामुळे माझ्यावर प्रेम करत नाहीत. इथे शब्द होता "जिवंत". मी एक रिकामं पिंप घेतलं, दोरीला बादली बांधून समुद्राचं पाणी भरलं, आणि दुसऱ्या फावड्याच्या आधी ढिगातून हलणारे सात जीव उचलून त्यात ठेवले. दोन ढोमे, एक तळहाताएवढा पाकट, एक मुशीचं पोर, एक माकूल, एक पाच टोकांची चांदणी आणि एक खेकडा. खेकड्याचे पाय मोजले. पाच होते. बाकीचे जाळ्याने ठेवून घेतले होते.

हिराजी जवळ येऊन बसला. "पावण्या, आंघोळ घालतंस काय त्यांना?"

"किती जगतात ते पाहतो, नाखवा."

तो हसला नाही. त्याने एक ढोमा उचलून मला दाखवला. माशाच्या तोंडातून एक गुलाबी फुगा बाहेर आला होता. "ह्यो त्याचा कोठा. पोट. तळाला पाण्याचा दाब असतो. झटक्यान वर खेचला की आतला वारा फुगतो, कोठा तोंडात येतो. आता ह्याला खाली जायाचं असलं तरी जाता येत नाय. वर तरंगत राहनार आन् पक्षी डोळं खानार. हलतो म्हनशील तर हलतो."

छापखान्यातून मुद्रितं तपासायचे कागद मी खिशात ठेवतो. त्यावर नोंद केली. एक ढोमा अर्ध्या तासात गेला, दुसरा त्याच्यामागे. मुद्रितात जो शब्द काढून टाकायचा त्याला आम्ही समासात एक वळणदार खूण करतो. ती खूण मी ढोम्यापुढे दोनदा केली. माकुलाने पाणी काळं केलं, त्यामुळे ते कधी मेलं ते नीट दिसलं नाही. तिथे प्रश्नचिन्ह घातलं. मुशीचं पोर चार वाजेपर्यंत कल्ले हलवत होतं. प्रत्येक वेळी दाजी जाता जाता म्हणत, "बघ, हलतंय!" आणि खाली इंजिनाकडे जात. पाच वाजता ते हललं नाही. तेव्हा दाजी वर आले नाहीत.

उन्हं कलताना सातांतले तीन उरले: चांदणी, खेकडा आणि पाकट. पाकटाची एक कड पांढरी पडली होती. चांदणी काहीच करत नव्हती, पण हिराजीच्या मते ती कधीच काही करत नाही.

जेवायला सगळे फळीवर बसले. भात आणि माशाचं कालवण, तिखट जेमतेम. माझी भाकरी संपली होती. दाजींनी लाडू वाटले आणि लोकांनी माझी चौकशी सुरू केली.

"पावना कोन तुजा, रंगनाथ?"

"मेव्हणा."

एक खलाशी चावायचा थांबला. "म्हंजे तुला बायको हाय? तू तर म्हनालास, बाळंतपनाला गेलीय."

"गेलीय ना."

"हां, पन ते दोन वर्सांमागं म्हनालास! अजून बाळंत होतेय? हत्तीन हाय काय?"

फळी हसली. दाजी हसले नाहीत. लाडू हातातच राहिला. मला वाटलं, अक्काने गूळ खरंच बेताने घातला असावा.

हिराजीने माझ्याकडे पाहिलं. "खरं सांग पोरा. कुठं हाय तुजी भैन?"

मी खरं सांगितलं. फाट्यावर उतरवली ते, "आलोच" ते, आणि पंचांनी लेखी मागितलं आहे तेही. सांगताना माझा आवाज कापत होता, तो समुद्रामुळे असं मी त्या वेळी ठरवलं.

"म्हंजे टाकलीस की रं तिला," हिराजी म्हणाला.

दाजी उसळले. "टाकली? कोण म्हणतं टाकली? मी काय बायको टाकणारा माणूस आहे? जिवंत, सुखरूप, बापाच्या गावात पोचवली. टाकली नाही. सोडली!"

"ढोम्यासारखी?" कुणीतरी विचारलं, आणि फळी पुन्हा हसली.

"सोडली म्हणतो ना!"

"मंग लिवून दे त्याला. पंचांनी लेखी मागितलंय. टाकली नाय, सोडली, असं लिवून दे. मी सही करतो खाली. माजी सही हाय, आंगठा नाय," हिराजी म्हणाला.

दाजींचं तोंड लाल झालं होतं. "दे कागद," ते मला म्हणाले. "नको, तूच लिही. तुझं अक्षर बरं आहे. मी सांगतो तसं लिही."

मी मुद्रिताचा कोरा कागद काढला. गुडघ्यावर ठेवला. दाजी सांगत गेले आणि मी लिहीत गेलो: "मी रंगनाथ, माझी बायको गजरा हिला टाकलेली नाही, सोडली आहे."

इथे माझा हात थांबला. दाजींना म्हणायचं होतं की माहेरी सोडली, म्हणजे जशी मोटार आपल्याला फाट्यावर सोडते तशी. पण कागदावर जे उतरलं होतं, ते आमच्या पंचांसमोर वाचलं तर त्याचा अर्थ एकच. माझा स्वभाव आड आला. मी विचारलं.

"दाजी, 'माहेरी' असा शब्द घालू का?"

इंजिनाचा आवाज होता. पण मी विचारलं.

"घालू नको काही! मी सांगितलं तेवढंच लिही. शुद्धलेखन नको शिकवूस मला!"

मी घातला नाही. त्यांनी सही केली, "रंगनाथ"मधल्या "र"वर एक जास्तीचा अनुस्वार देऊन, म्हणजे दोन टिंबं. तो मी तसाच राहू दिला. सही दुरुस्त करू नये. खाली हिराजीने सही केली आणि हत्तिणीचं बोलला त्या खलाशाने अंगठा उठवला. हिराजीने कागद परत देताना माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याला लिहिता येत होतं, म्हणजे वाचताही येत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकट मेलेला होता. उरलेल्या दोघांना फावड्याने लोटायचं मला जिवावर आलं. मी बादली दोरीने पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडली आणि हळूच कलती केली. चांदणी दगडासारखी गेली. खेकडा पाच पायांनी तिरका तिरका गेला. "पाय फुटतात त्याला पुन्हा," हिराजी म्हणाला. "जगला तर."

धक्क्यावर उतरताना दाजींनी रिकामा डबा परत दिला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हिराजीने तो हिसकावून घेतला आणि सुका जवळा भरून दिला. दाजी म्हणाले, "तुझ्या अक्काला सांग, पुढच्या वर्षी बघू म्हणावं." मी म्हणालो, "सांगतो."

परतीचा प्रवास त्याच मार्गाने, उलट क्रमाने. या वेळी तिकीट एकदाच पाहिलं, कागद मात्र दर स्टेशनला. जवळ्याच्या वासामुळे डब्यात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, दौंडापासून नगरपर्यंत आडवं होता आलं. तिसऱ्या वर्गाने जाणाऱ्यांनी हा उपाय जरूर करून पाहावा.

पंच मारुतीच्या पारावर बसले. कागद गुरुजींनी वाचला. वाचून पुन्हा वाचला. थोरले पंच डोळे मिटून ऐकत होते.

"टाकलेली न्हाई म्हनतो?"

"नाही म्हणतात."

"सोडली हाय म्हनतो?"

"सोडली आहे."

"साक्ष?"

"एक सही, एक अंगठा."

"मंग सोडली. मिटलं. उठा, ऊन झालं."

वडील पारावरून तडक घरी आले. घरी येऊन बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "नांदवायला धाडलं हुतं तुला! लाडू घिऊन गेला आन् काडीमोड घिऊन आला! वर हे काय आनलंय, सगळं घर घान मारतंय!" अक्काने डबा उचलला आणि जवळा परड्यात वाळत घातला. त्या दिवशी गावातली सगळी मांजरं आमच्या बाजूने होती.

पंधरा दिवसांनी दाजींचं पोस्टकार्ड आलं. "माझा अर्थ तसा न्हवता." चार ओळींत सहा चुका होत्या. मी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि कार्ड थोरल्या पंचांना नेऊन दिलं. ते म्हणाले, "अर्थ त्येच्या पोटात. आमच्याम्होरं कागद आला." दाजींचा अर्थ मला ठाऊक होता. मी शब्द चोरला नाही, विचारला होता. फक्त मोठ्याने विचारला नाही. ही एक गोष्ट मी समुद्रावरून आणली, ती अजून कुठल्या ओळीत नीट बसत नाही.

दसऱ्याला दोन दिवस असताना अक्का वर्गात बसली. आता ती नगरला राहते. वर्गाचं पांढरं लुगडं नेसते आणि छापखान्यावरून जाताना खिडकीत वाकून मला "खिळेवाले" म्हणते. मागच्या आठवड्यात तिला हा मजकूर वाचून दाखवला. हत्तिणीपाशी ती इतकी हसली की मालक बाहेर आले. मग पिंपाशी तिने मला थांबवलं.

"त्यो खेकडा जगला का पुढं?" तिने विचारलं.

"पाण्यात गेला. तिरका जाताना पाहिला मी."

"आन् मंग?"

"मग दिसला नाही."

"मंग 'जगला' आसं लिवू नको कुठं. तुला काय म्हाईत? 'सोडला' एवढंच लिव."

तेवढंच लिहिलं आहे.